पथ्य नव्हे, जेवण

पप्पा,

आधी मटकीचं सांगते, कारण तुम्ही तेच पहिलं विचारलं असतं. आदल्या संध्याकाळी तुम्ही ती फडक्यात बांधून ओट्यावर पातेल्याखाली ठेवली होती. सकाळी टेम्पोत भाजी भरून मंचरला मार्केटला गेलात आणि तिथेच, माल उतरवता उतरवता, गेलात. नंतर घरात एवढी माणसं आली की ओट्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुमनकाकूंनी पातेलं उचललं, तेव्हा मोड फडक्यातून बाहेर डोकावत होते. घरात चूल पेटवायची नव्हती. काकू भावकीतल्याच, त्यांच्याही घरी सुतक, म्हणून इथलं काही तिकडे न्यायला अडचण नव्हती. त्यांनी ती पुरचुंडी पदराखाली घेतली आणि दुपारी उसळ करून भाकरीबरोबर घेऊन आल्या. ओसरीवरचे सगळे जेवले. त्या दिवशीची उसळ कुणी ठरवली होती, हे फक्त आईला आणि मला माहीत होतं. आईने एक घास घेतला आणि ताट सरकवलं. मी माझ्या ताटातली सगळी खाल्ली. मीठ जरा जास्त होतं.

तुम्ही असताना मी तुमच्याशी फार बोलले नाही, बोलले ते ताटावरूनच. आपल्या घरात बोलण्याचं काम आईचं, उत्तरं देण्याचं तुमचं आणि ऐकण्याचं माझं. तुम्ही एकदा आईला म्हणालात, "दोन भाषा शिकीवल्या आपुन हिला, बोलती एकीत बी न्हाई." आई हसली, मीही हसले. लिहिताना बरं असतं, कुणी तोंडाकडे बघत नाही.

पण हे लिहायला बसले ते आईसाठी. तुमच्यामागे ती खाण्यापिण्याचं सगळं सोडून देईल, अशी भीती मला पहिल्या आठवड्यातच वाटायला लागली. भेटायला माणसं येतात, निरगुडसरची, पेठची, पार आळेफाट्याहून तुमचे जुने ड्रायव्हर लोक. प्रत्येक खेपेला कुणाच्या तरी घरून चहाची किटली येते. येणाऱ्याबरोबर घरच्या माणसाने घोटभर घ्यायचा, नाही म्हणायचं नाही. तो चहा कसा असतो तुम्हाला माहीत आहे, चमचा उभा राहील एवढी साखर. आई प्रत्येक माणसाबरोबर पीत राहिली. जेवण म्हणून सगळ्यांकडून भात यायचा, भाताबरोबर बटाट्याचा रस्सा. लोकांनी मायेनेच आणलं, त्यात काही वाद नाही. पण दशक्रियेच्या आदल्या दिवशी आई न्हाणीच्या दारात डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसली. मी तिला धरलं आणि म्हटलं, "आई, साखरेची गोळी घेतली का?" ती म्हणाली, "आता कुणासाठी जपायचं गं."

ते ऐकायला आत्या दारातच होती. तुमची थोरली बहीण, तुम्हाला ठाऊकच आहे, ती मनातलं मनात ठेवत नाही. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "खरं बोलली शोभा. माझ्या भावानं किती वरसं मन मारून खाल्लं. गोड न्हाई, तेलकट न्हाई, पाला खाऊन राह्यला. काय मिळालं त्याला? गेलाच ना." बसलेल्या बायकांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, "नशीब, दुसरं काय." मला उत्तर द्यायचं होतं. माझ्याकडे ते होतंही, पण तोंडापर्यंत आलं नाही.

तेव्हापासून मी मनात तुमची साक्ष काढतेय.

माझ्या लहानपणी पप्पा म्हणजे अंगणात उभा ट्रक. तो दिसला की तुम्ही आत झोपलेले असायचात, आणि झोपेतून उठलात की निघायचात. आळेफाट्याला कांदा भरायचा आणि खाली दक्षिणेत कुठंतरी जायचं. तुमच्या जेवणाची चव हायवेवरच्या हॉटेलांची, लाल तर्री, जाड रोटी आणि वर दोन कप चहा. घरी आलात की आई आवडीचं काही करायची आणि तुम्ही दोन घास खाऊन म्हणायचात, "अळणी लागतंय." ती मीठ पुढे करायची. आपण तिघांनी एकत्र बसून जेवल्याचं मला शाळेच्या वयातलं आठवत नाही.

मग साखर निघाली, बीपी निघालं, पायाला मुंग्या यायला लागल्या. मंचरचे डॉक्टर म्हणाले, "ट्रकची लाईन सोडा, नाहीतर हॉटेल सोडा." तुम्ही म्हणालात, "डॉक्टर, दोन्ही एकच हाये." बाहेर येऊन तुम्ही बराच वेळ ट्रकच्या चाकांकडे बघत उभे राहिलात. महिन्याभरात ट्रक विकला आणि टेम्पो घेतला. गावोगावची भाजी सकाळी मार्केटला पोचवायची आणि दुपारपर्यंत घरी. तुमच्या वयाच्या ड्रायव्हरला ते किती कमीपणाचं वाटलं असेल हे मला आत्ता कळतंय. तुम्ही तसं कधी दाखवलं नाहीत.

आईला वाटलं, आता तुमच्यासाठी वेगळी भाजी, वेगळी भाकरी करावी लागणार. ती म्हणाली, "तुमचं पथ्याचं पातेलं मी बारकं ठेवते." तुम्ही म्हणालात, "पथ्य आजाऱ्याला असतं. आजार बरा झाला की सुटतं. मला सुटणारं काय नको. हे जेवण हाये, सगळ्यांचं."

"म्हंजी साखर तुमाला आन कारलं आमी खायचं?"

"साखर तुला बी हाये. इसरलीस?"

"माझी गोड हाये. तुमच्यासारखी कडू न्हाई."

कारलं त्या दिवशी तिघांनी खाल्लं. आईने त्यात गूळ घातला होता आणि तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला कळलं होतं, आणि तुम्ही तिला ते सांगितलं नाहीत.

तुम्ही एकदम सैपाकघरात शिरलात हे आईला बरेच दिवस पचलं नाही. हॉटेल नसेल तिथे ट्रकच्या आडोशाला स्टोव्हवर कालवण करणारे ड्रायव्हर तुम्ही, फोडणी तुम्हाला यायची. पण आईच्या डब्यांना हात लावायचा म्हणजे काय. "ड्रायव्हरसाहेब, गाडी मागं घ्या," ती म्हणायची, आणि तुम्ही खरोखर दोन पावलं मागे सरकून उभे राहायचात. हळूहळू वाटणी झाली. भाकरी, कालवण तिच्याकडे. काय करायचं आणि कधी करायचं, हे तुमच्याकडे.

ते तुम्ही कसं ठरवायचात, हे मला आजही सगळ्यात देखणं वाटतं. मी तुम्हाला मोबाईलवर एक चित्र दाखवलं होतं, ताटाचे भाग पाडलेलं. अर्ध्यात भाज्या, पाव भागात डाळ-उसळ, उरलेल्या पाव भागात भाकरी किंवा भात. तुम्ही चष्मा लावून बघितलंत आणि म्हणालात, "हे लोड लावल्यासारखं हाय." मग तुम्ही मला समजावलंत. माल भरताना वजन एका अंगाला गेलं की गाडी त्या बाजूला ओढते, वळणावर कळतं. भात जास्त झाला की माणूस दुपारी तसाच एका अंगाला कलतो. मी हसले नाही, कारण मला ते पटलं. त्या दिवसापासून तुम्ही माझं ताट बघून "लोड बरोबर हाय" किंवा "डावं अंग हलकं हाय" एवढंच म्हणायचात. कोशिंबीर ताटात डावीकडे, म्हणून डावं अंग हलकं म्हणजे कोशिंबीर कमी.

आठवड्याचं म्हणाल तर तुम्ही माझ्यासारखं सोमवारचं हे आणि मंगळवारचं ते असं कधी ठरवलं नाहीत. मी इंटरनेटवरचे तसले तक्ते आणायचे आणि तुम्ही ते नीट वाचून परत द्यायचात. "ह्यात मेथी शुक्रवारी हाये," तुम्ही म्हणालात. "बाजार रविवारी झाला तर शुक्रवारपातुर मेथी थांबंल का? तिला इचारलं का?" आयुष्यभर भाजी वाहिलेल्या माणसाचा तो हिशेब होता. जी आधी मान टाकते ती आधी. म्हणून बाजारादिवशी आणि दुसऱ्या दिवशी पालेभाजी, मेथी, शेपू, चाकवत, मिळेल ती. मग गवार, घेवडा, दोडका. मग कोबी, भोपळा, जे वाट बघू शकतात. आणि बाजार यायच्या आधी टोपली रिकामी झाली की हुलग्याच्या शेंगोळ्या, पिठलं, मोडाच्या उसळी. त्यामुळे आपल्याकडे काही सडलं नाही आणि "आज काय करू" हा प्रश्न आईने कपाळावर हात मारून विचारला नाही. थंडीत बाजरी, उन्हाळ्यात ज्वारी. घोडेगावच्या बाजारात डोंगरातले लोक नाचणी आणि हातसडीचा तांदूळ घेऊन बसतात, तिथून नाचणी. हे सगळं आपल्या आजूबाजूला आधीपासूनच होतं. तुम्ही फक्त कशाच्या मागे काय यावं एवढं लावून दिलंत.

तुम्ही सगळंच बरोबर करायचात असं मी म्हणणार नाही, नाहीतर तुम्हीच हसाल. लोणच्यावरून आपलं किती वाजलं. ताटात हिरवी भाजी वाढायची आणि शेजारी लोणचं, पापड, वर खारवलेली मिरची. मी म्हटलं, बीपीच्या माणसाला हे मीठ म्हणजे भाजीने कमावलेलं सगळं घालवणं. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी लोणच्याची बरणी माळ्यावर चढवलीत आणि आईला म्हणालात, "पोरगी बरोबर बोलती. कमी बोलती, पन बरोबर बोलती." ते तुम्ही मला सरळ सांगितलं नाहीत. मी भिंतीपलीकडून ऐकलं आणि तेवढं मला खूप दिवस पुरलं.

बटाट्याचा वाद मात्र राहिला. तुम्हाला त्याचा मनापासून राग. मी कितीदा म्हटलं, उकडलेला बटाटा काही विष नाही, सालासकट बेतानं खाल्ला तर चांगलाच आहे. तुमचं एकच, "त्यो लई पुढं पुढं करतो. कुठल्या बी हॉटेलात जा, हर भाजीत ह्योच म्होरं." मी म्हणायचे, हा त्याचा दोष नाही, हॉटेलवाल्यांचा आहे. तुम्ही म्हणायचात, बघू. पप्पा, त्या 'बघू'वर आपण थांबलो आहोत. मी अजूनही बटाट्याच्या बाजूने आहे.

चाकणला नोकरी लागल्यावर माझा डबा तुम्ही भरायला लागलात. सकाळी कंपनीची बस यायच्या आधी भाकरी, भाजी, उसळ आणि एका छोट्या डबीत काहीतरी वेगळं. कधी मासवडीचे तुकडे, कधी तिळाची चटणी, कधी भाजलेले शेंगदाणे. ती डबी एका माणसाला नेहमीच जास्त व्हायची. मी म्हटलं, "पप्पा, एवढं नको, उरतं." तुम्ही झाकण दाबत म्हणालात, "उरलं तर दे कुनाला." कँटीनमध्ये मी कडेला बसायचे. डबीतलं टाकवेना, म्हणून शेजारच्या मुलीला विचारलं, मासवडी खाणार का. तिने ती काय असते विचारलं. मला सांगावं लागलं, मासा नाही, बेसनात तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली वडी. दुसऱ्या दिवशी तिने तिच्या घरचं आणलं. माझ्या आजच्या सगळ्या मैत्रिणी त्या डबीतून आल्या आहेत. तुमच्या अंदाजात कधी चूक होत नसे, आईला पीठ काढून देताना मूठभरसुद्धा जास्त नाही. मग त्या डबीतच रोज कशी चूक व्हायची, हा प्रश्न मी तुम्हाला विचारला नाही. विचारला असता तर तुम्ही नाहीच म्हणाला असतात.

आत्याला मी दोष देत नाही. ती पेठहून यायची ती प्रत्येक वेळी बुंदीचे लाडू घेऊन. तुम्ही कधी तिला परत पाठवलं नाहीत. भाकरी-भाजी खाऊन झाली की शेवटी चिमटीएवढा तुकडा तोंडात टाकायचात आणि म्हणायचात, "आक्का, झकास जमलेत." ती चिडायची. "भावाला बहिणीच्या हातचा आख्खा लाडू चालत न्हाई?" तुम्ही म्हणायचात, "चालतो की. पन समदा माल एकाच खेपंला कशाला भरायचा?" तिला ते कधी पटलं नाही. आपण आणलेलं भावाने पोटभर खावं, एवढंच तिला हवं होतं. आता तर ती आशाही राहिली नाही. तिच्या त्या 'काय मिळालं'मध्ये हे सगळं होतं. ते मला कळत होतं, तरी ते वाक्य आईच्या कानात राहायला नको होतं.

तेराव्याला पंगत बसली. आमटी, भात, कोबीची भाजी, बुंदीचे लाडू. त्या दिवशी घरच्या बाईला गोड खाऊ घालून दुखवटा संपवतात. मामा आईसाठी नवं लुगडं घेऊन आला होता. आत्याने आईच्या ताटात भाताचा डोंगर केला आणि त्यावर दोन लाडू ठेवले. आई खाली मान घालून बसली होती. पुढ्यात येईल ते ती गिळणार होती, मला दिसत होतं.

मी वाढायला होते. मी आईसमोर बसले, तिच्या ताटातला अर्धा भात परातीत काढला, कोबी वाढली, सुमनकाकूंच्या घरून घट्ट वरण आणि अर्धी भाकरी आणून ठेवली. लाडू काढले नाहीत. फक्त कडेला सरकवले, तुम्ही सरकवायचात तिथे.

आत्या म्हणाली, "ऋतू, आज तरी सोड तिला. तुझ्या बापाचं झालं ना करून समदं. काय मिळालं?"

ओसरीवर पन्नासेक माणसं असतील. मी ताटाकडे बघतच बोलले. "आत्या, मी शाळेत होते तोवर पप्पा आमच्याबरोबर कधी जेवले नव्हते. कुठं जेवायचे, काय जेवायचे, आम्हाला माहीत नसायचं. मग हे सुरू झालं आणि ते रोज इथं जेवले. रोज संध्याकाळी, तिघं, ह्याच ओसरीवर. त्यानं किती जास्त जगले ते डॉक्टरांना विचारा. पण आम्हाला ते मिळाले. तेच मिळालं."

पंगतीत वाढायचं थांबलं होतं. आत्या म्हणाली, "एवढं बोलता येतं व्हय तुला?"

मग तिने वाकून आईच्या ताटातला एक लाडू उचलला, दुसऱ्याचा चिमटीएवढा तुकडा तोडून तिथे ठेवला आणि उरलेले हातात घेऊन भिंतीला टेकून बसली. ते तिने एकटीने खाल्ले, डोळे पुसत पुसत. आईने त्या दिवशी भाकरी खाल्ली, भाजी खाल्ली. पण ती माझ्यासाठी जेवली की स्वतःसाठी, हे मला कळलं नाही. संध्याकाळी परत कुणी आलं, परत किटली आली आणि तिने परत तो गोड चहा घेतला. मला वाटलं, माझं बोलणं ओसरीवरच राहिलं.

काल दुपारी धोंडूबाबा आले. घोडेगावच्या बाजारात ज्यांच्याकडून तुम्ही नाचणी घ्यायचात ते. वरून, डोंगरातून, दोन एसट्या बदलून आले. तुम्ही बाजाराला आला नाहीत म्हणून त्यांनी चौकशी केली, तेव्हा त्यांना कळलं. धोतराच्या सोग्यात बांधलेली नाचणी त्यांनी आईसमोर ठेवली. "त्यांची राखून ठिवली व्हती," ते म्हणाले. "दुसऱ्याला द्यायला मन व्हईना." आईने तिला हात लावला नाही. ते मग तुमच्याबद्दल बोलत राहिले. तुम्ही नाचणी हातावर चोळून बघायचात, एक दाणा दाताखाली धरायचात आणि घरी बायकोच्या हातची नाचणीची भाकरी कशी पापुद्र्याची होते ते सांगत बसायचात. "मला तर तुमची भाकरी न खाताच ठावी झाली, बाई," धोंडूबाबा म्हणाले.

आई त्यांच्याकडे बघत होती. तुम्ही बाहेर तिच्या भाकरीबद्दल बोलायचात हे तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

सुमनकाकू चहा घेऊन आल्या. आईने कप हातात घेतला, वास घेतला आणि खाली ठेवला.

"सुमनताई, माझ्यात साखर घालत जाऊ नका."

"असू दे गं, पावणं आल्यात लांबून. त्यांच्यासंगं घोटभर घे."

"पावण्यांना द्या की गोड," आई म्हणाली. तिने नाचणी स्वतःकडे ओढली. "मला अजून लई दिस जेवायचंय."